शेपूचा वास

"आतडं शांत आहे," पोटाचे डॉक्टर लोहोकरे म्हणाले.

"पण तुमची बोटं सुजवतायत ते त्याच आतड्यातले जंतू," शेजारी बसलेल्या सांध्यांच्या डॉक्टर सय्यद म्हणाल्या. दोघांचं एकमत झालं होतं: सगळे जंतू मारायचे आणि अनोळखी दात्याचे नवे सोडायचे.

वैजयंतीने आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी तिचा आतड्याचा आजार विकोपाला गेला, तेव्हा नवऱ्याने, दिगंबरने, स्वतःच्या निरोगी आतड्यातले जंतू तिला दिले होते. त्यांच्याबरोबर त्याची आवडही आली. तो शेपू शिजवायचा तेव्हा वासाने वैतागून खिडकी उघडणारी ती, त्याच्या बरोबरीने ताटलीभर शेपू खाऊ लागली. गेल्या वर्षी तो वारला. शेपूची भूक राहिली.

"थोडेसे ठेवता नाही येणार?" तिने विचारलं.

"नाही हो ताई," सय्यद म्हणाल्या. "बोटं कायमची वाकडी होतील."

गोळ्या झाल्या, नवे जंतू आले. महिन्याभराने मूठ न दुखता मिटू लागली. त्या दिवशी तिने स्वतः जुडी निवडली, चिरली आणि मुगाची डाळ घालून शेपू शिजत ठेवला.

झाकणाखालून वाफ आली, तशी ती उठली आणि तिने खिडकी उघडली.