वर्नाची टाळी

रेनो शहरात कसिनोत पत्ते वाटणाऱ्या डीलरांच्या शाळेत वर्ना आणि मी शेजारी बसून बोटांच्या पेरांवरून जुगाराची चिप फिरवायला शिकत होतो. तिची चिप पाण्यासारखी वाहायची. माझी खाली पडायची.

"जपमाळ ओढून ओढून लाकडाची झालीत गं बोटं तुझी!" ती हसायची.

नोकरीची जागा एकच होती. मी नऊ दिवसांचा उपास धरला. तिचे हात मला दे, असं मेरीमातेला विनवलं.

नवव्या दिवशी माझी चिप अलगद फिरली.

टेबल सोडताना डीलरनं टाळी वाजवून रिकामे तळवे दाखवायचे असतात. वर्नानं टाळी वाजवली. आवाज आला नाही.

"जोरात, वर्ना! जेवली नाहीस का?" सर ओरडले.

तिनं सगळी ताकद लावून पुन्हा वाजवली. तरीही आवाज नाही.

मांडीवर जपमाळ धरून बसलेल्या माझे तळवे झणझणले.