नावापुढचा बाण

कासीमभाईंना विसर पडायला लागला, तेव्हा मुलीनं, आरजूनं, त्यांच्या फोनमध्ये एक लांबलचक नोट करून दिली. औषधं, घरचा पत्ता, घरातली माणसं. नावापुढचा छोटा बाण दाबला की खालची माहिती उघडायची.

"अमिना कुटं हाय?" असं म्हणत ते रोज सकाळी बाण दाबायचे. 'तुमची बायको. दोन वर्षांपूर्वी वारली.' आणि ती आत्ताच गेल्यासारखे रडायचे. तरी खोटं लिहायला आरजूचा हात धजत नव्हता.

आज मात्र अब्बा शांतपणे चहा पीत होते. तिनं फोन उघडून पाहिला. अमिनाच्या नावापुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं,

 

'होटगीला माहेरी गेलीया. बाण दाबू नको, कासीम.'