उशाचा ट्रे

सृष्टीला पहिलं लेकरू झालं, त्याच वर्षी परभणीतला बायकांचा दवाखाना मोठ्या दवाखान्यात विलीन झाला. सृष्टीची आई धम्मशीला दोन्हीकडच्या नर्सबायांची मेट्रन झाली.

बायकांच्या दवाखान्यात एक रीत होती. बाळंतिणीच्या उशाला रक्त थांबवायच्या औषधांचा ट्रे उघडाच ठेवलेला असे. सृष्टीचं रक्त थांबेना, तेव्हा त्याच ट्रेमधल्या औषधांनी तिला माघारी आणलं होतं. मोठ्या दवाखान्यात मात्र औषध म्हटलं की कुलूप.

"उघडं ठिवलं की चोरीला जातंय, मॅडम," तिथल्या जुन्या मेट्रन कुसुमबाई म्हणाल्या. "दवाखाना एक, तर रीतबी एकच पायजे."

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली. नव्या खुर्चीत बसून पहिल्याच दिवशी भांडण कशाला, म्हणून धम्मशीलानं ट्रे कपाटात घातला आणि किल्ली कमरेला खोचली.

मंगळवारी विलीनीकरणाचा सोहळा झाला. धम्मशीला मंचावर बसली होती.

"दुधात साखर मिसळावी तसे दोन दवाखाने एक झाले," साहेब माईकवर म्हणाले. "कुठं कुरबूर नाही. हे श्रेय आपल्या मेट्रनबाईंचं!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाळंतिणीकडची राजेश्री सिस्टर पळत दाराशी आली. शिपायानं तिला अडवलं.

"दम धर की जरा. सत्कार चालू हाय."

राजेश्रीनं तिथूनच हात वर केला आणि हवेत किल्ली फिरवल्यागत मनगट फिरवलं. धम्मशीलाला कळलं. तिचा हात कमरेला गेला. पण साहेब शाल घेऊन समोर उभे होते.

"मॅडम, हिकडं बघा," फोटोवाला म्हणाला.

ती तिकडं बघत राहिली.

ती धावत वॉर्डात पोचली, तेव्हा कपाटाच्या काचा खाली पडल्या होत्या. राजेश्रीनं सलाईनच्या स्टँडनं कपाट फोडलं होतं. ट्रे उशाला होता. खाटेवरच्या बाळंतिणीच्या तोंडावरून चादर ओढलेली. तिची सासू दगडाबाई तान्ह्याला पदरात घेऊन खाली बसली होती. तिनं धम्मशीलाच्या खांद्यावरची शाल बघितली.

"कुणाचं लगीन होतं वं, बाई?"

मागून कुसुमबाई आल्या. काचांकडं बघून हळूच म्हणाल्या, "सरकारी कपाट फोडलंय. राजेश्रीला मेमो द्यावा लागंल. सही तुमचीच, मॅडम."

ताडकळसच्या दगडाबाईची सून माधवी त्या मंगळवारी, सोहळा संपायच्या आत गेली.