खरवडलेला रिपोर्ट

जिन्यातच उभं राहून निवृत्त हेडक्लार्क खोपकरांनी खिशातलं अर्धं ब्लेड काढलं. कोलेस्टेरॉलचे सगळेच आकडे फुगलेले दिसत होते, आणि "रिपोर्ट चांगला आला तरच रविवारी मटण," अशी बायकोची, निर्मलाताईंची, तंबी होती. तीस वर्षं सरकारी कागद खरवडलेला हात तो! एलडीएल १९२ होतं, त्यातला एक उडवला. ट्रायग्लिसराइड २८०, त्यातला दोन गेला. एचडीएल ५८, त्यातला पाचही गेला.

निर्मलाताईंनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. "ब्याण्णव, ऐंशी... वा!" खोपकरांना रश्श्याचा वास यायला लागला. तेवढ्यात त्या किंचाळल्या, "अहो, एचडीएल फक्त आठ? हे चांगलं कोलेस्टेरॉल, हृदय सांभाळणारं! ते भरपूर लागतं! उठा, ॲडमिट व्हायचंय!" आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"अगं थांब! आठ नाही, अठ्ठावन्न आहे! पुढचा पाच मीच खरवडला!"

निर्मलाताईंनी फोन ठेवला. कागद खिडकीशी उजेडात धरून एकेक आकडा बोटाने चाचपला. मग आत जाऊन हातभर लांब दुधी आणला आणि खोपकरांच्या मांडीवर ठेवला.

"खरवडायची एवढी हौस आहे ना? घ्या."