पांढऱ्यातला गुलाबी

पडद्यावरचा पांढरा चौकोन किंचित गुलाबी होता. मृण्मयीने प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला आणि पडद्याशेजारी धरला. खिडकीतल्या उजेडात कागद पांढरा दिसला, चौकोन नाही. नुसत्या चौकोनाकडे पाहत राहिली असती तर थोड्या वेळाने तोच पांढरा वाटला असता. डोळे फार लवकर सरावतात.

तिच्या मागे, तिचा भाऊ रेणुकादास याच्या टेबलापुढे, रामलिंगअप्पा उभे होते. रेणुकादासने खुर्ची पुढे केली तरी ते बसले नव्हते. मुरुडच्या शेतकरी गटाचे ते अध्यक्ष. सोयाबीनच्या रोगांचा एक छापील तक्ता त्यांनी टेबलावर पसरला. चित्रं मृण्मयीची होती, छपाई या भावाबहिणीच्या लातूरच्या दुकानातली. तक्त्यावर अप्पांनी एक उपटलेलं रोप ठेवलं. त्याची पानं पिवळ्या डागांनी भरली होती. तक्त्यावर ‘पिवळा मोझॅक’ असं लिहिलेल्या चौकटीतलं पान जवळजवळ हिरवं होतं.

“आमची म्हैस बी रोगाचं पान वळखती,” अप्पा म्हणाले. “तुमच्या तक्त्याला न्हाई कळलं. लोकांनी तक्त्याला पान लावून बघितलं, जुळंना. मग म्हणले, खत कमी पडलंय. खत फवारून राहिले अन् रोग शिवारभर गेला. येळेवर रोपं उपटली असती तर निम्मं रान हाती लागलं असतं.”

“चूक झाली, अप्पा,” रेणुकादास मऊ आवाजात म्हणाला. “काय सांगू तुम्हाला? मृण्मयीच्या डोळ्यांत जरा दोष आहे. रंगात फसते ती. घरची मुलगी, कामावरून कसं काढणार?”

मृण्मयीला हे नवं नव्हतं. हे वाक्य तिने लग्नपत्रिकांच्या वेळी ऐकलं होतं, साडीच्या दुकानाच्या पाटीच्या वेळी ऐकलं होतं. नांदेडहून तिला बघायला आलेल्या मंडळींपर्यंतही ते पोहोचलं होतं. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. प्रत्येक वेळी ती गप्प बसली. दादाची रेल्वेतली नोकरी हुकली तेव्हा आईने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. दुकान तरी चालू दे बाई त्याचं, असं म्हणाली होती.

तिने कॉम्प्युटरची रंगांची सेटिंग उघडली. पडदा लाल किती दाखवतो, हिरवा किती, हे सांगणारी एक फाईल असते. विंडोज ती पाळतं आणि चित्राचं सॉफ्टवेअर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. रंग मोजायचं यंत्र पडद्यावर टेकवून मृण्मयीने ती फाईल नीट बनवली होती. तिच्या जागी आज दुसरीच फाईल होती, अंदाजाने, हाताने ओढूनताणून केलेली. लाल भरमसाट वाढवलेला. म्हणजे पडदा प्रत्येक रंगात लाल मिसळत होता, आणि तो जास्त वाटला की तिचा हात चित्रातला लाल कमी करत होता. पिवळ्यातला लाल काढला की उरतो हिरवा. कागदावर तोच उतरला होता. ही फाईल तिने याआधीही अनेकदा काढून टाकली होती. ती दर वेळी परत येई.

“दादा, ही फाईल कोणी बदलली?”

“मी.” त्याने मान वर केली नाही. “तुझ्या फाईलनं सगळं मातकट दिसतं. पान कुठलं, डाग कुठला, काही उठून दिसत नाही.”

“मला दिसतं.”

“तुला काय दिसतं ते अप्पांनी आत्ताच टेबलावर ठेवलंय.” तो हसला.

अप्पा हसले नाहीत. “मी भांडाय न्हाई आलो. तुरीचा तक्ता करायचाय. आमच्याकडं त्याच्यावर बघूनच औषध आणत्यात. ताईच्या हातचा नको. दुसरं कोण हाय का?”

“चित्र तीच काढेल,” रेणुकादास म्हणाला. “तिच्यासारखं पान कोणाला काढता येत नाही. पण रंग यापुढं सगळे मी स्वतः बघतो. एकेक रंग. माझी जबाबदारी.”

“मग हरकत न्हाई,” अप्पा म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकले.

मृण्मयी उठली. ती टेबलाजवळ आली आणि भावाच्या समोर उभी राहिली.

“दादा, अप्पांना तू सांगतोस का?”

रेणुकादासचा चेहरा उतरला. “काय सांगायचं?”

“तुला माहीत आहे.”

“मृण्मयी, घरी बोलू.” तो खालच्या आवाजात म्हणाला. “आईची शपथ आहे तुला.”

“रान अप्पांचं गेलंय, दादा. आईचं नाही.”

“काय चाललंय तुम्हा भावाबहिणीचं?” अप्पांनी विचारलं.

रेणुकादासने तक्त्याची घडी घालायला सुरुवात केली. मृण्मयीने तक्त्यावर तळहात ठेवला आणि अप्पांकडे वळली.

“अप्पा, माझे डोळे चांगले आहेत. दादाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, म्हणून रेल्वेनं त्याला घेतलं नाही; आजवर मी ते झाकलं, यापुढं झाकणार नाही.”