काठावरच्या मावलाया

"वैनी, मावलाया आत घ्यायच्या का भाईर?" हनुमानने विचारलं.

सुरेखा चहाची किटली घेऊन घरामागच्या शेततळ्याच्या बांधावर उभी होती. कडेवर तिची लेक वर्षा, नुकतीच पाऊल टाकायला शिकलेली. हनुमान तिच्या नवऱ्याचा, प्रविणचा, चुलतभाऊ. सकाळपासून दोघं तळ्याभोवती तारेची जाळी मारत होते. तीन बाजू झाल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यातून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले होते, दोरांना रिकामे कॅन बांधले होते. पडलंच कुणी तर धरून वर येता यावं म्हणून. राहिली होती घराकडची बाजू. तिथं नेमके तारेच्या वाटेत शेंदूर फासलेले सात दगड होते.

प्रविणने मान वर केली नाही. तो पहारीने खड्डा घेत होता.

"बास की बे," हनुमान म्हणाला. "खांब उभा करायचाय. हीर पाडायलास का?"

प्रविण खणतच राहिला.

"आत्याबाईंना विचारावं लागंल," सुरेखा म्हणाली. "त्यांनीच मांडल्यात."

तळ्यात पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी तिच्या सासूबाईंनी, भिवराबाईंनी, हे दगड मांडले होते. मावलाया म्हणजे पाण्याच्या देवी, सात बहिणी. माझ्या नातवाला पाण्यापासून राखा म्हणून त्यांच्यापुढं पदर पसरला होता. सहा जणी बांधावर, आणि सातवी, धाकटी, जरा खाली. तळ्यात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद जिथून पाण्याकडे उतरतो, अगदी त्याच्या कडेला. धाकटीला पाण्याची लई ओढ असती, असं भिवराबाई म्हणायच्या. दर शुक्रवारी दहीभाताचा निवद. वाटी धरायला तो नातू, सत्यम.

सत्यम जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून या काठाला कुणी फिरकलं नव्हतं. त्याला वर काढलं होतं ते पलीकडच्या कोपऱ्यातून.

हनुमान भिवराबाईंना बोलवायला घराकडे गेला. दगड किती खोल रोवलेत ते बघावं म्हणून सुरेखा वाकली.

पहिल्या दगडापाशी गवतात एक चॉकलेट होतं. वरच्या नारिंगी कागदाचा रंग उन्हानं उडालेला. दुसऱ्या दगडापाशी एक. तिसऱ्यापाशीही.

तिनं ती ओळखली. सत्यमच्या वाढदिवसाला अंगणवाडीत वाटायला आणलेली. तो गेला त्या दिवशी सकाळी त्याच्या खिशात कोंबताना तिनंच सांगितलं होतं, समद्यांला एकेक दे बरं का राजा, कुणाला सोडू नको.

बांधावरच्या सगळ्या बहिणींना पोचली होती. धाकटीपाशी काही नव्हतं. तिच्या पुढं नुसता तळ्याचा कागद, शेवाळानं हिरवा पडलेला, गुळगुळीत.

धाकटीचं चॉकलेट कुठं आहे, ते सुरेखाला ठाऊक होतं. अंबाजोगाईला दवाखान्यात नेताना जीपमध्ये तिनं सत्यमची मूठ उघडून बघितली होती. खाता खाता गेलं लेकरू, असं तेव्हा वाटलं होतं. कुणाला दिसायच्या आत तिनं ती मूठ पुन्हा मिटली होती. तशीच ती मातीत गेली.

मागच्या दाराची कडी वाजली. सुरेखानं भराभरा सगळी चॉकलेटं गोळा केली. हे आत्याबाईंना कळता कामा नये. एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती.

भिवराबाई हळूहळू बांधावर आल्या. दगडांकडे न बघता सुनेकडेच बघत उभ्या राहिल्या.

"मुठीत काय हाय?"

"काही न्हाई, आत्याबाई. खडे हायत. वर्षी तोंडात घालंल म्हणून येचले."

"जीपमदी बी काही न्हाईच म्हणली व्हतीस."

कडेवरची वर्षा तिच्या मुठीकडे झेप घेत होती. भिवराबाईंनी सुनेचा हात हातात घेतला आणि हट्टी लेकराची उघडावी तशी, एकेक बोट सोडवत, मूठ उघडली.

त्यांनी ती चॉकलेटं बघितली. मग दगडांकडे वळल्या. वरच्या बहिणींवरून सरकत नजर खाली आली आणि धाकटीपाशी थांबली. तिथून पुढं कागदावरून पाण्यापर्यंत गेली.

"निवद दाखवायला गेलतं," त्या म्हणाल्या. "मीच शिकिवलं त्याला."

"समद्यांला दे म्हणून मी सांगितलं हुतं," सुरेखा म्हणाली. "कुणाला सोडू नको म्हणलं. मी म्हणलं, आत्याबाई."

भिवराबाईंनी ती चॉकलेटं पदराच्या टोकात बांधली. गाठ नीट बसेना. सुरेखानं मारून दिली.

हनुमान पायानं माती सारखी करत होता. "काकू," तो हळूच म्हणाला, "आत ठिवायच्या का भाईर?"

"भाईर घे. घराकडं."

प्रविण सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "पाण्याचे देव हायत, माय. पाण्यापासून तोडतेत व्हय?"

"पवता येतं का त्यांला?"

प्रविणनं पहार खाली ठेवली. हनुमाननं हात पँटला पुसले आणि बांधावरच्या पहिल्या दगडाशी वाकला.

"तिला ऱ्हाऊ दे," भिवराबाई म्हणाल्या. "आधी धाकटीला घे. लई काठाला हाय ती."