बिनस्पिरिटचं अत्तर

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्यासमोर उघडलेला कॉम्प्युटर आहे. आतला पंखा काढून बाजूला ठेवलाय. त्याखाली क्रीमच्या बिस्किटाएवढा प्रोसेसर, आणि त्यावर राखाडी लेप, वाळून खडखडीत झालेला. लेप ओलसर असला की प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे जाते. वाळला की आतच कोंडते आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. हा लेप तुम्हाला पुसायचाय. घाबरलात? यूम्नाही घाबरली होती.

तो शुक्रवार होता. कुवेतला नोकरीला असलेल्या अब्बांना सुट्टी, आणि आज दोस्ताच्या कॉम्प्युटरवर बसायची त्यांची पाळी. यूम्नाचा धाकटा भाऊ आता रांगायला लागला होता, पण अब्बांनी त्याला अजून पाहिलंच नव्हतं. दर वेळी व्हिडिओ कॉलवर त्याला समोर आणेपर्यंत पनवेलच्या घरचा कॉम्प्युटर मान टाकायचा.

नव्या लेपाची ट्यूब अरसलानमामूने देऊन ठेवली होती. तो मात्र कळंबोलीला कामात अडकला. फोनवर म्हणाला, "जुना लेप स्पिरिटने पूस. सगळा निघाला पाहिजे."

"स्पिरिट आता कुठून आणू?" अम्मी पुटपुटली. मग तिने कपाटातून अब्बांनी पाठवलेली अत्तराची कुपी काढली. "हे घे. एवढा वास येतो, म्हणजे असेलच यात."

यूम्नाने कापूस बुडवून फिरवला. लेप निघाला नाही. काळा, बुळबुळीत होऊन तो पसरला आणि कडेकडे ओघळू लागला. कडेखाली सोनेरी, केसासारख्या बारीक पिना होत्या; त्यांत लेप शिरला तर कॉम्प्युटरच बिघडला असता.

"अम्मी, हे खाली जातंय!"

अम्मीने घाईघाईने फोन लावला. मामू ओरडलाच, "आपा, अत्तर? त्यात स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल नसतं, म्हणून तर ते लावून आपण नमाजला जातो! तेल आहे ते!"

यूम्नाने कोरड्या कापसाने ओघळ टिपला आणि शेजारी धाव घेतली. शकूकाकी रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यायच्या, त्यामुळे त्यांच्याकडे स्पिरिट असायचंच.

"घे गो, सगली बाटली ने," काकी म्हणाल्या. "पयला बापाला पोरगा दाव. माजी सुई काय पलून जात नाय."

स्पिरिटचा पहिला बोळा काळा झाला, पुढचा राखाडी. मग एक पांढराच राहिला. यूम्नाने मसुराएवढा नवा लेप ठेवला, पंखा दाबून बसवला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. बऱ्याच वेळाने पडद्यावर अब्बा आले. अम्मीने बाळाला उचलून धरलं. बाळ कॅमेऱ्यालाच चापट्या मारू लागलं. अब्बा हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत राहिले.

"आणि माझी यूम्ना कुठाय?"

यूम्ना टेबलाखाली बसली होती, कॉम्प्युटरच्या डब्याला तळहात लावून, तो तापतोय का ते बघत. तिने एक हात वर करून कॅमेऱ्यासमोर हलवला. दुसरा काही डब्यावरून काढला नाही.